जंतूंची कात्री

भामरागडच्या अरण्यांत पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. त्याच्याच जवळ हेमलकसा हें गांव. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं येथें लोकबिरादरी प्रकल्पाचा पाया घातला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांची शुश्रूषा आरंभिली. तेव्हां येथें वीज नव्हती. पावसाळ्यांत वाट नव्हती. अस्वलानें फाडलेला मनुष्य, शेकोटींत भाजलेलें मूल, असे रोगी रानांतून कित्येक कोस तुडवून आणावे लागत.

अशा रोग्याच्या बाबतींत घाव हा अर्धाच शत्रु होय. कातडी हा देहाचा तट आहे. तो फुटला कीं जंतु आंत शिरतात. आंत पहारा नसतो असें नाहीं. परंतु त्या पहाऱ्यास निःशस्त्र करण्याची विद्या कांहीं जंतूंस अवगत आहे.

जंतूंना गिळण्याचें काम पांढऱ्या पेशी करतात. पण शत्रु ओळखून देण्याचें काम प्रतिपिंड नांवाच्या प्रथिनांचें असतें. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. दोन फांट्यांच्या टोकांनीं तें जंतूस धरतें आणि मागचा दांडा मोकळा राहतो. पांढरी पेशी तो दांडा पकडते आणि जंतूसह सारें गिळून टाकते. म्हणजे नुसतें धरून भागत नाहीं. दांडा मोकळा व शाबूत असला पाहिजे. जंतूंनीं नेमकें हेंच वर्म हेरलें आहे.

गळवांत व जखमांत नेहमीं आढळणारा स्टॅफिलोकोकस हा प्रतिपिंडास दांड्याकडूनच पकडतो. त्याच्या अंगावरील ‘प्रथिन ए’ हें त्याचें साधन. प्रतिपिंड उलटें लटकतें, दांडा शत्रूच्या मुठींत जातो, आणि पांढऱ्या पेशीस धरावयास कांहींच उरत नाहीं.

घसा व कातडी यांवर हल्ला करणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजिनीस याहून पुढें गेला आहे. त्याच्यापाशीं ‘इडेस’ नांवाचें वितंचक आहे. स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनीं २००२ सालीं त्याचें वर्णन केलें. हें वितंचक कात्रीप्रमाणें प्रतिपिंड सांध्यावरच कापतें. फांटे जंतूस चिकटून राहतात, दांडा गळून पडतो. त्याचेंच दुसरें वितंचक दांड्यावरील शर्करेची साखळी छाटतें. प्रतिपिंड दिसावयास तसेंच, पण त्याची हांक पांढऱ्या पेशीस नीट ऐकूं जात नाहीं. न्यूमोनियाचा न्यूमोकोकसही नाकाघशाच्या ओलसर अस्तरावरील प्रतिपिंडें अशींच कापतो.

यावरून रानांतल्या दवाखान्यांतील साध्या उपचारांचें महत्त्व कळतें. जखम स्वच्छ धुणें, मेलेलें मांस काढून टाकणें, म्हणजे कात्री चालविणाऱ्यांची संख्याच घटविणें होय. पेनिसिलीनसारखें औषध प्रतिपिंडाच्या वाटेनें जात नाहीं. तें जंतूच्या भिंतीवरच घाव घालतें. म्हणून ज्याचीं प्रतिपिंडें कापलीं गेलीं, त्यालाही तें तारतें. स्ट्रेप्टोकोकस पायोजिनीस पेनिसिलीनला अजून दाद देतो; बहुतेक स्टॅफिलोकोकस मात्र तें औषधही फोडून टाकतात आणि त्यांच्यासाठीं वेगळें औषध शोधावें लागतें. औषध अर्ध्यावर सोडणारा रोगी किती धोका पत्करतो, हेंही यांतच आलें.

शत्रूचें हत्यार मनुष्यानें आतां हस्तगत केलें आहे. ज्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें दुसऱ्याचें मूत्रपिंड स्वीकारूंच देत नाहींत, अशा कांहीं रोग्यांस शस्त्रक्रियेपूर्वीं हेंच ‘इडेस’ टोचतात. तें कांहीं तासांत प्रतिपिंडें कापून वाट मोकळी करतें. युरोपीय संघांत २०२० सालीं या औषधास सशर्त मान्यता मिळाली. ज्या कात्रीनें जखमेंतला रोगी दगावतो, तीच दुसऱ्या रोग्यास जीवदान देते. मात्र तिचा उपयोग इस्पितळाच्या चार भिंतींत होतो. रानांतल्या जखमेस आजही स्वच्छ पाणी, वेळेवर औषध आणि जवळ असलेला वैद्य हाच खरा आधार आहे.