शाळेच्या बागेतील कोरफड



कमी पाण्यावर जगणारी कोरफड ही शाळेच्या बागेस सोयीची वनस्पती होय. संस्कृतात तिला कुमारी म्हणतात. तिच्या उपयोगाबरोबरच तिच्या मर्यादाही मुलांस सांगणे अगत्याचे आहे.

प्रथम पान आडवे कापून दाखवावे. सालीलगत पिवळा, कडू चीक असतो व मध्ये पारदर्शक गर असतो. गरात शेकडा ९८ हून अधिक भाग पाणी असल्याने कोरड्या किंवा उन्हाने तापलेल्या कातडीस तो ओलावा देतो. चीक मात्र तीव्र रेचक असून तो मुलांच्या पोटात जाता कामा नये. सुरक्षिततेचा पुरावा सादर न झाल्यामुळे २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोरफडीच्या रेचकांची खुली विक्री बंद केली.

यास्तव पान कापल्यावर ते उभे धरून चीक निथळू द्यावा, साल काढून गर धुवावा आणि मनगटाच्या आतल्या बाजूस थोडा लावून पाहावा. खाज सुटल्यास तो वापरू नये.

पोषण आहाराच्या चुलीपाशी मूल भाजले, तर पहिला उपचार कोरफड नव्हे, पाणी होय. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. फोड आला, जखम खोल असली किंवा चेहरा वा हात भाजला, तर काहीही न लावता मुलास आरोग्य केंद्रात न्यावे. कातडी नुसती लाल झाली असेल, तरच नंतर गर लावावा.

हा भेद मुलांनी घरी जाऊन सांगितला, म्हणजे बागेतील पाठ सार्थकी लागला.