फाशीला विरोध, दयेच्या अर्जालाही विरोध

(इंद्रलोक, भाईंदर पूर्व येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



२०१२ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस एक जुने सहकारी माझ्याकडे सहीसाठी एक कागद घेऊन आले होते. अजमल कसाबला फाशीऐवजी जन्मठेप द्यावी, अशी राष्ट्रपतींना विनंती करणारा तो अर्ज होता. मी सही केली नाही. ‘प्राध्यापक आता सरकारी झाले’, असे काहींनी मागाहून म्हटले. फाशीच्या शिक्षेला माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. मग सही का नाकारली, याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

तो या वस्तीत मांडण्यास एक कारण आहे. २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. त्याचे पहिले आयुक्त सदानंद दाते हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल यांच्याशी झुंजताना जखमी झाले होते. त्यानंतर याच दोघांच्या गोळ्यांनी रुग्णालयालगतच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांचे प्राण घेतले. गिरगाव चौपाटीवर, हाती केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी पकडली, ती सोडली नाही आणि त्यातच ते गेले.

दयेच्या बाजूने आपल्या मंडळींचा सर्वांत आवडता युक्तिवाद गरिबीचा होता. एकवीस वर्षांचा, पाकिस्तानातील फरीदकोट गावच्या गरीब घरातला पोरगा. सूत्रधार निराळेच, हा केवळ हत्यार. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले; दारिद्र्य माणसाला कोठवर नेते हे मला कोणी सांगावयास नको. परंतु ओंबळेही सातारा जिल्ह्यातील केडंबे या डोंगरातल्या लहानशा गावचेच. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत असता जे मारले गेले, त्यांत गावी निघालेले कष्टकरी होते, हिंदू होते, मुसलमानही होते. गरिबीमुळे खून क्षम्य ठरतो असे आपण म्हणू लागलो, तर जे कोट्यवधी गरीब हातात बंदूक घेत नाहीत, त्यांचा तो अपमान ठरेल. सूत्रधारांना शिक्षा झाली पाहिजे हे खरेच. पण त्यामुळे गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी पुसली जात नाही.

दुसरी गोष्ट पोलिसांविषयी. मोर्च्यात त्यांची लाठी आपण खाल्ली आहे, म्हणून पोलीस मेला की आपले मन चटकन हलत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करू या. पण ऑगस्ट १९८२ आठवा. गिरण्यांचा संप चालू असतानाच मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या हक्कांसाठी बंड केले आणि ते मोडण्यासाठी सैन्य आणावे लागले. त्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली. तो शिपाईही पगारावर जगणारा श्रमिकच आहे. त्याच्या मृत्यूचे मोल आपण कमी लेखू, तर श्रमिकांचे नाव घेण्याचा अधिकार गमावू.

आता दयेचा प्रश्न. घटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपतींना दिलेला हा अधिकार न्यायदानातील चूक दुरुस्त करण्यासाठी, किंवा कायद्याच्या साच्यात न मावणारी माणसाची परिस्थिती पाहण्यासाठी आहे. येथे चूक कोणती होती? विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. प्रत्येक पायरीवर त्याला वकील मिळाला. चौपाटीवर जिवंत पकडलेल्या या माणसाला संतप्त पोलिसांनी तेथेच संपविले नाही, रुग्णालयात नेऊन उपचार केले. माणुसकीचे जे देणे या कैद्याला होते, ते तेव्हाच देऊन झाले होते.

कोणी विचारील, ‘भगतसिंगांचे काय? साँडर्स पोलीस अधिकारीच होता, आणि त्याच वेळी चननसिंह हा हवालदारही मारला गेला.’ प्रश्न रास्त आहे. चननसिंहाचे नाव आपण घेत नाही, हे आपले उणे आहे. पण परक्या राजवटीत कायदा बदलण्याचे साधन जनतेच्या हाती नव्हते. शिवाय भगतसिंगांनी दया मागितली नाही. वडिलांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तेव्हा त्यांनी वडिलांनाच खडसावले.

आज कायदा बदलण्याचे साधन आपल्या हाती आहे, आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे. फाशी रद्द करा, ही मागणी कायद्याकडे असते, सर्वांसाठी असते. दया ही सत्तेची मेहेरनजर असते, एकासाठी असते. ती कशी वाटली जाते हे १५ ऑगस्ट २०२२ रोजी दिसले. बिल्किस बानो प्रकरणातील अकरा गुन्हेगारांना गुजरातेत शिक्षेत सूट देऊन सोडण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाला ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द करावा लागला. आपल्या मनास पटेल त्याच्यासाठी आपण मेहेरनजर मागितली, तर त्यांनी त्यांच्या माणसांवर केलेल्या मेहेरनजरेला कोणत्या तोंडाने विरोध करणार?

२१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवड्यात कसाबला गुपचूप फाशी दिली गेली आणि देशाला ते नंतर कळले. ती गुप्तता मला पटली नाही. रस्त्यावर वाटलेले पेढे तर मुळीच पटले नाहीत. २०१५ मध्ये विधी आयोगाने फाशी रद्द करण्याची शिफारस केली, मात्र दहशतवादाचे गुन्हे त्यातून वगळले. आपण तो अपवादही नको म्हणावे आणि त्याऐवजी सुटीची आशा नसलेला आजन्म कारावास मागावा. तशी शिक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच मान्य केले आहे.

त्या मागणीचा कागद घेऊन या. त्यावर पहिली सही माझी असेल. आणि सह्या गोळा करताना येथील पोलीस कुटुंबांच्या दारी आधी जा. आपले म्हणणे त्यांना पटवता आले, तरच ते खरे.