प्लॅस्टिकबंदीचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा लेखी गोषवारा)

शहरातील प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा प्रश्न पुरोगामी चळवळीच्या व्यासपीठावर फारसा चर्चिला जात नाही. तो सुखवस्तू वस्तीतील पर्यावरणप्रेमी मंडळींचा विषय आहे, अशी समजूत कार्यकर्त्यांत रूढ आहे. मोर्चा रोजगारासाठी, रेशनसाठी, झोपडपट्टीतील हक्काच्या घरासाठी निघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी निघत नाही. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. प्लॅस्टिक कमी करण्याच्या प्रत्येक उपायामागे खर्च कोणी सोसायचा आणि लाभ कोणी घ्यायचा, हा वाटपाचाच प्रश्न उभा असतो, आणि वाटपाचा प्रश्न हाच समाजवादी विचाराचा मूळ प्रश्न होय. पुणे शहराने गेल्या तीन दशकांत या बाबतीत काय केले आणि काय अर्धवट सोडले, याच्या आधारे त्याची मांडणी करता येईल.

प्रथम कायद्याकडे पाहावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत महापूर आला, त्या वेळी नाले तुंबण्यास प्लॅस्टिकच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरल्या. त्यानंतर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने पिशव्या, थर्माकोलची ताटे, पेले, चमचे इत्यादी वस्तूंवर व्यापक बंदी घातली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर, २३ जूनपासून, दंडाची कारवाई सुरू केली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये, दुसऱ्याला १० हजार, आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी ही तरतूद. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरून फेकण्याच्या काही वस्तूंवर देशभर बंदी घातली.

हे कायदे नकोत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांचा भार कोणावर पडला? पालिकेच्या पथकाला दंड वसूल करण्यासाठी सर्वांत सहज सापडतो तो मंडईतील भाजीवाला, हातगाडीवरचा फळविक्रेता आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. ज्याच्या दिवसभराच्या गल्ल्याहून दंडाची रक्कम मोठी, अशा माणसापुढे पावतीपुस्तक उघडले जाते. याउलट बटाट्याचे वेफर्स, बिस्किटे, शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या ज्या वेष्टनात विकल्या जातात, ते वेष्टन २०१८ च्या बंदीतून सुटले आणि २०२२ च्या यादीतही आले नाही. भाजीवालीची पिशवी निदान दोन-तीनदा वापरली जाते, शेवटी कचऱ्याची पिशवी म्हणून तरी उपयोगी पडते. शाम्पूची पुडी मात्र फाडल्याक्षणी कचरा होते. पहिली गुन्हा ठरली. दुसरी व्यापार ठरली.

अर्थशास्त्रात या विसंगतीची मीमांसा जुनी आहे. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. उत्पादक आपल्या खर्चाचा काही भाग समाजाच्या अंगावर ढकलतो आणि उरलेल्या खर्चावर नफा काढतो, हे खासगी उद्योगाच्या व्यवहाराचे अंगभूत लक्षण आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. वेफर्सच्या पाकिटाच्या किमतीत बटाटा आहे, तेल आहे, जाहिरात आहे, दुकानदाराची दलाली आहे. ते रिकामे पाकीट उचलण्याचा, वेगळे करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च नाही. तो खर्च नाहीसा झालेला नाही. तो कोणीतरी भरतच असतो. पुण्यात तो कोण भरत आले, हे पाहिले म्हणजे पर्यावरणाचा प्रश्न श्रमाच्या प्रश्नाशी कुठे जोडला आहे ते दिसते.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर या भागांतून असंख्य भूमिहीन कुटुंबे पुण्यात आली. त्यांतील पुष्कळ स्त्रियांनी पाठीवर पोते घेऊन रस्त्यावरचा व कचराकुंडीतला कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचण्याचे काम पत्करले. यांपैकी बहुतेक दलित समाजातील. पहाटे निघायचे, कुंडीत उतरायचे, हाताने उपसायचे, आणि दिवसअखेर भंगारवाल्याच्या काट्यावर जे पडेल ते घ्यायचे. पोलिसांनी चोरीच्या संशयावरून हटकावे, सोसायटीच्या रखवालदाराने हाकलावे, हे नित्याचे होते. शहराच्या लेखी या स्त्रिया कामगार नव्हत्या, कारण त्यांना मालक नव्हता. आणि मालक नाही म्हणून कायद्याचे संरक्षणही नव्हते.

१९९३ मध्ये एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागाच्या कार्यकर्त्यांनी आणि हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांनी या स्त्रियांना एकत्र आणले व कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणे हे काम आहे, त्यातून महानगरपालिकेचा वाहतुकीचा व विल्हेवाटीचा खर्च वाचतो, म्हणून महानगरपालिकेने या स्त्रियांना कामगार म्हणून ओळखावे, ही पहिली मागणी होती. ती साधी दिसते, परंतु तिने हिशेबाची वही उलटी फिरवली. आजवर शहरावर ओझे मानल्या गेलेल्या स्त्रिया शहराला अनुदान देत आहेत, असे तीत म्हटले होते. काही वर्षांतच महानगरपालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे त्यांच्या हाती आली. पुढे वैद्यकीय विम्याचा हप्ताही महानगरपालिकेने भरला.

२००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली, तेव्हा पुण्यासमोर दोन मार्ग होते. एक, मोठ्या ठेकेदाराला वाहनांसह काम द्यावे. दुसरा, जे हात हे काम करीतच आहेत त्यांची सहकारी संस्था उभारावी. दुसऱ्या मार्गाने ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आकाराला आली आणि २००८ मध्ये तिचा महानगरपालिकेशी करार झाला. सभासद स्त्रिया ढकलगाडी घेऊन दारोदार जातात, ओला व सुका कचरा वेगळा घेतात, घरांकडून दरमहा ठरलेले शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातील विकाऊ माल विकून त्याचे उत्पन्न ठेवतात. ही संस्था आता साडेतीन हजारांवर सभासदांची आहे. मात्र कराराच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी ठेकेदारी पद्धतीचा प्रस्ताव पुन्हा डोके वर काढतो, आणि या स्त्रियांना आपल्या कामाच्या हक्कासाठी पुन्हा महापालिकेच्या दारात उभे राहावे लागते.

हा वाद भावनेने सोडवण्याचा नाही. त्यातील आर्थिक प्रेरणा समजून घेतल्या पाहिजेत. कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला बहुधा टनामागे पैसे मिळतात. साहजिकच जितका कचरा अधिक, जितका तो ओला व जड, तितके देयक मोठे. कचरा कमी होण्यात किंवा वेगळा होण्यात त्याचा तोटा आहे. वेचणाऱ्या स्त्रीचे हित नेमके उलट आहे. घरातच कचरा वेगळा झाला तर तिचा वेळ वाचतो, माल स्वच्छ राहतो, त्याला भाव चांगला येतो; आणि जे तिने विकले ते डेपोवर जात नाही. उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी शहराच्या कचऱ्याखाली विहिरीचे पाणी नासलेले पाहिले आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली. शहरात वेगळा झालेला प्रत्येक किलो त्या गावांच्या माथ्यावरून उतरलेला किलो असतो. ही दोन्ही हिते एका दिशेने नेणारी व्यवस्था सहकारातून उभी राहते; टनावारी ठेक्यातून राहत नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बाजार सगळे प्लॅस्टिक उचलत नाही. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, फुटकी बादली यांना भाव आहे, म्हणून ती रस्त्यावर फार काळ राहत नाहीत. ज्या वेष्टनात प्लॅस्टिकचे अनेक थर व धातूचा पातळ वर्ख एकत्र चिकटवलेला असतो, ते थर स्वस्तात वेगळे करता येत नाहीत. त्याला भंगारात जवळजवळ किंमत नाही. ते डेपोवर साठते, किंवा फार तर सिमेंटच्या भट्टीत जळते. ज्याला भाव आहे त्याचाही भाव स्थिर नसतो. प्लॅस्टिक खनिज तेलापासून होते; तेल उतरले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते आणि जुन्याला गिऱ्हाईक उरत नाही. २००८ च्या जागतिक मंदीत आणि २०२० च्या महामारीत हे घडले. दूरच्या तेलबाजारातील चढउतार पुण्याच्या एखाद्या वस्तीतील चुलीपर्यंत असा पोहोचतो. त्यात भर म्हणून २०२१ मध्ये प्लॅस्टिकच्या भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. अशा कराचा दाब साखळीत खाली खाली सरकतो आणि जिच्या हाती भाव ठरवण्याची कोणतीच ताकद नाही, अशा वेचणाऱ्या स्त्रीपाशी येऊन थांबतो.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. प्लॅस्टिक खरोखरच कमी झाले तर या स्त्रियांनी खायचे काय? पर्यावरण आणि रोजगार यांत निवड करावी लागणार, असे या ठिकाणी सांगितले जाते. उत्तर मजुरीच्या रचनेत आहे. उत्पन्न केवळ भंगार विकण्यावर अवलंबून असेल, तर कचरा वाढण्यातच कामगाराचे पोट आहे. परंतु घरोघरच्या सेवेचे शुल्क हा उत्पन्नाचा मुख्य आधार झाला, तर कचरा घटल्याने मजुरी घटत नाही. म्हणूनच दरमहाचे ते शुल्क क्षुल्लक बाब नव्हे. प्लॅस्टिक कमी करणे आणि कामगाराचे पोट भरणे या दोन गोष्टींचा मेळ घालणारा तो दुवा आहे.

नागरिकांचा सहभाग या शब्दाचा अर्थही येथेच शोधला पाहिजे. शाळेत घोषणा, भिंतीवर चित्रे, एखाद्या रविवारी टेकडीवर सफाई, एवढ्यावर अनेक ठिकाणी सहभाग संपतो. कात्रज प्रभागात महानगरपालिका, स्वयंसेवी संस्था व ‘स्वच्छ’ यांनी मिळून शून्य कचरा प्रभागाचा जो प्रयोग केला, त्यात कार्यकर्ते घरोघर गेले, वेगळा कचरा देणे समजावले आणि गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या कामाची घडी बसवली. सवय उपदेशाने लागत नाही; रोज ठरल्या वेळी दारात येणारी, दोन डबे मागणारी ओळखीची बाई लावते. ‘आम्ही मालमत्ता कर भरतो, मग वेगळे पैसे कशाचे?’ असा सवाल सोसायट्यांतून येतो. तो अगदीच चुकीचा नाही. करातून काय मिळते, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. परंतु जो सवाल महापालिकेला विचारायचा, तो दारात उभ्या असलेल्या बाईला विचारून तिचे पैसे अडवणे न्याय्य नाही. तिच्या कामाबद्दल तक्रारी असतात, गैरहजेरी असते, बदली मिळत नाही; त्या दूर झाल्याच पाहिजेत. ठेकेदाराच्या माणसाबद्दल असलेली तक्रार मात्र ठेका रद्द करा इथपर्यंत क्वचितच जाते, हेही लक्षात घ्यावे.

आता उत्पादकाकडे वळावे. २०११ व २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी तत्त्वतः मान्य केली. २०१३ मध्ये पुण्यातील कचरावेचक स्त्रियांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. ज्यांनी माल विकून नफा घेतला, त्यांनी त्याच्या कचऱ्याची लाजही पत्करावी, एवढेच त्या सांगत होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये या जबाबदारीची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वे आली. परंतु तिला प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीचे रूप मिळाले. पुनर्चक्रण करणारा कारखाना प्रमाणपत्र काढतो, उत्पादक ते विकत घेतो आणि जबाबदारी संपते. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकातील काही कारखान्यांनी सहा लाखांवर बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे उघड झाले. कागदावर जबाबदारी पार पडली. नाल्यातली पुडी नाल्यातच राहिली. आणि खरी प्रमाणपत्रे असली तरी त्यांचा पैसा कारखान्यापाशी थांबतो. पुडी वेचणाऱ्या हातापर्यंत तो आपोआप येत नाही.

मित्रहो, या विवेचनातून कार्यकर्त्यांपुढे काही स्पष्ट कामे येतात. प्रभागातील कचऱ्याचा ठेका टनावारी की सेवेवर, आणि त्यात कचरावेचकांना स्थान आहे की नाही, याची माहिती नगरसेवकाकडून लेखी मागावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले होते, याचा दाखला त्यात द्यावा. प्रत्येक प्रभागात सुका कचरा निवडण्यासाठी छप्पर, पाणी व शौचालय असलेली जागा मागावी. उन्हात, पावसात, रस्त्याच्या कडेला बसून हे काम करावे लागणे ही शहराची शरम आहे. उत्पादकांनी भरावयाच्या पैशातून बिनभावाच्या प्लॅस्टिकला किलोमागे ठरावीक दर मिळावा व तो थेट वेचणाऱ्याच्या हाती पडावा, ही मागणी राज्यपातळीवर लावून धरावी. बाटली परत केली की अनामत परत, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. आरे दूध केंद्रावरच्या काचेच्या बाटल्या आणि सोडावॉटरच्या बाटल्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच परत जात होत्या. ती पुन्हा आणणे अशक्य नाही. फक्त परत घेण्याचा खर्च उत्पादकाने सोसावा लागेल, आणि म्हणूनच ती आपणहून येणार नाही.

याबरोबर एक काम घरातले आहे. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरी दोन डबे नसतील, दारात येणाऱ्या स्त्रीचे शुल्क थकले असेल, तिला हातमोज्यांशिवाय सॅनिटरी कचरा उचलावा लागत असेल, तर वरच्या मागण्यांना वजन येणार नाही. भाजीवाल्याकडून ५ हजारांचा दंड घेणारी व्यवस्था सहज उभी राहते, कारण त्याच्या मागे कोणी नसते. पुडीच्या मालकाकडून त्याचा वाटा वसूल करणारी व्यवस्था उभी राहायची असेल, तर भाजीवाला, कचरावेचक स्त्री, डेपोशेजारचा शेतकरी आणि सोसायटीतला करदाता हे चौघे एका बाजूला आले पाहिजेत. आज हे चौघे एकमेकांवर रागावलेले आहेत. त्यांना एकत्र आणण्याचे काम कोणताही कायदा करणार नाही. ते संघटनेचे काम आहे.