दहा मिनिटांचे कालवण

सुगीच्या दिवसांत शेतावरून घरी यायला दिवेलागण होते. दमलेली बाई तशीच चुलीपुढे बसते. आपले लातूर तुरीच्या डाळीचे खरे. पण डाळ शिजायला वेळ लागतो, जळण लागते, पाणीही लागते. पाण्याचे मोल तर आपण जाणतोच. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आले, ते आपल्याच गावात.

अशा वेळी पिठल्यासारखे दुसरे कालवण नाही. चौघांसाठी वाटीभर बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्या. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले, की वरचा थर चटकन घट्ट होतो आणि आत पीठ तसेच राहते. गाठी होतात त्या अशा. मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत लसूण, मिरची, कांदा परता. हळद, मीठ, मूठभर चिरलेला शेपू घाला. मग कालवलेले पीठ ओतून हलवीत राहा, झाकून वाफ आणा. भाकरी टोपल्यात असतेच.

याला गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडू नका. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणे, ते डाळीत असते. डाळीत उणे, ते ज्वारीत. वर लिंबू पिळले, तर भाजीतले लोह अंगी लागते.

गुरुजी, हे मुलींना सांगाल तसे मुलांनाही सांगा. मी पिठले शिकलो चाळिशीनंतर, घरची मंडळी तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा. पहिल्या दिवशी गाठीच झाल्या. लेकीने त्या मुकाट्याने खाल्ल्या. तुमच्या विद्यार्थ्यांवर ती पाळी येऊ नये.