थांबा कोण म्हणणार?

आम्ही लोणी देवकरहून बोलतोय. हमरस्त्याच्या कडेला एमआयडीसी, आणि आत शिरलं की ऊसच ऊस. सध्या गटागटांत एकच चर्चा आहे : फवारणीचा ड्रोन घ्यायचा का?

'नमो ड्रोन दीदी' योजनेला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्या मंजुरीनुसार निवडलेल्या बचत गटाला किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. गटातल्या एका ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. उरलेल्या पैशांसाठी कर्ज काढलं, तर ते फेडायचं गटानंच. म्हणून हे यंत्र आधी समजून घेऊ.

आमचंच सांगतो. गेल्या वर्षी भाड्यानं ड्रोन आणून उसात तणनाशक मारलं. सकाळी येणारा ड्रोन दुपारी आला. वारं सुटलं होतं. "आलाच आहे तर उरकून घेऊ," असं आम्हीच म्हणालो. ड्रोन आपल्या रेषेवर नीट चालला, पण फवारा बांधापलीकडे गेला. काही दिवसांतच शेजारच्या काकूंच्या वांग्याची पानं आकसली. भरपाई गटाच्या बचतीतून दिली.

ड्रोन म्हणजे उडणारा रोबोच. त्याला सगळं कळतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपण नेमके कुठे आहोत, हेही त्याला पक्कं ठाऊक नसतं. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो. आपल्या उसाची सरी तर चार-पाच फुटांची. शेतात जमिनीवर वेगळं केंद्र उभं केलं, तर तो फरक काही सेंटीमीटरवर येतो. जवळच्या लोखंडानं त्याचं होकायंत्र चुकतं. म्हणून तो कुणा एकावर विसंबत नाही. आपल्या हिशोबासारखंच आहे हे. वहीत एक आकडा, पासबुकात दुसरा, सचिवताईंच्या आठवणीत तिसरा. आपण पासबुकाला जास्त मानतो, पण तिन्ही ताडून बघतो. ड्रोन हेच काम एका सेकंदात कितीतरी वेळा करतो. हे गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनाही ते उपयोगी पडलं.

एकाच शिवारात दोन ड्रोन उडवायचे असतील, तर प्रत्येकाचा पट्टा वेगळा, मध्ये मोकळं अंतर, परतायची उंचीही वेगळी. रिमोटचा संपर्क तुटला तर जागीच थांबायचं की घरी यायचं, हे उडण्याआधीच ठरवून द्यायचं. वर गेल्यावर विचारायला कुणी नसतं.

पण फवाऱ्याचा थेंब कुठे पडला, बांधापलीकडे कुणाची वांगी आहेत, हे ड्रोनला दिसत नाही. ते आपणच बघायचं. म्हणून आम्ही बैठकीत ठराव केला आणि वहीत लिहून सह्या केल्या :

फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगायचं.

बांधावर काठीला रिबीन बांधायची. ती शेजारच्या पिकाकडे उडायला लागली की काम बंद.

बांधालगतचा पट्टा ड्रोननं मारायचा नाही, तिथे खुरपणीच करायची.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की ड्रोन खाली. "एवढी एकच फेरी" चालणार नाही.

बांधावरची कुणीही बाई "थांबा" म्हणाली, की आधी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

या शेवटच्या कलमावर बराच वाद झाला. एक वहिनी म्हणाल्या, उगाच थांबलो तर दिवसाचं भाडं बुडेल. बुडेल, खरं आहे. पण भरपाई देताना आमची वर्षाची बचत गेली होती.

आता बांधावर रिबीन बघायला त्या वांगीवाल्या काकूच उभ्या असतात. या मोसमात त्यांनी आम्हाला दोनदा थांबवलं, आणि दोन्ही वेळा आम्ही थांबलो.

तेव्हा मैत्रिणींनो, ड्रोन घ्यायचा का, हे पुढच्या बैठकीत जरूर ठरवा. पण त्याआधी एक ठरवा : वारं सुटलं, तर थांबा कोण म्हणणार, आणि तिचं ऐकणार का?