वादळ येईल तेव्हा येईल, कामं आखाजीलाच उरकून घ्या



आखाजी आली की आपल्या खान्देशात सालदार ठरतात, शेतीचं नवं वर्ष सुरू होतं. आणि त्याच सुमारास सगळ्यांच्या माना आभाळाकडे वळतात. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागात मृगबागेचे घड मे-जूनमध्ये भरत आलेले असतात, नेमकं तेव्हाच वळवाचं वादळ उठतं. २०२१ च्या मे अखेरीस रावेर तालुक्यात अशाच वादळाने उभ्या बागा आडव्या केल्या, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं आहे.

गावोगाव फिरताना मला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, "साहेब, वरच्याच्या हातातली गोष्ट, आपण काय करणार?" आणि काहीच करत नाहीत. दुसरे मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला मजकूर वाचून रात्रभर जागतात आणि सकाळी व्यापाऱ्याला बोलावून कच्चे घड मिळेल त्या भावात देऊन टाकतात. मग वादळ येतच नाही, पण नुकसान मात्र होऊन बसतं. माझ्या मते दोघांचं दुखणं एकच आहे. जी कामं आधी व्हायला हवी होती ती झालेली नसतात.

हवामान खात्याचा इशारा नीट समजून घ्या. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. इशारा बहुधा सगळ्या जिल्ह्याला असतो. तो तुमच्याच शेतावर वादळ येणार म्हणून दिलेला नसतो. तेव्हा यलो ऐकून घड कापू नका. आणि रेड ऐकून झोपूही नका.

आता केळीचं. वाऱ्याचा बंदोबस्त लागवडीच्या दिवशीच करायचा असतो. बागेच्या चारही बाजूंनी, निदान पश्चिम आणि दक्षिण अंगाला, दीड-दोन मीटर जागा सोडून शेवरीच्या किंवा गजराज गवताच्या दोन ओळी लावा. "चार झाडांची जागा जाते" ही तक्रार मी नेहमी ऐकतो. जाते खरी. पण बिनकुंपणाच्या बागेतल्या किती ओळी वादळात जातात, तेही मोजून पाहा. जुनी बसराई बुटकी होती, वाऱ्याला बऱ्यापैकी टिकायची. आताची ग्रँड नैन उंच, घड वजनदार, म्हणून तिला आधार हवाच. खोडाला मातीची भर द्या. घड निसवला की बांबूचा टेकू लावा, नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने घडाच्या दांड्याजवळून झाड कललं असेल त्याच्या उलट बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी बांधून घ्या. हे काम मेच्या पहिल्या आठवड्यात संपलं पाहिजे. आभाळ भरून आल्यावर बांबू शोधायला निघालात तर मजूरही मिळत नाही आणि बांबूही.

धुळे, साक्रीकडचे बंधू म्हणतील, आमचं काय? तुमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिलमधला अवकाळी पाऊस आणि गारपीट कांदा, गहू, हरभऱ्यावर येते. गारेपुढे उभ्या पिकाचं फारसं काही चालत नाही, हे सरळ सांगतो. पण काढलेला माल वाचवता येतो. कापणीपूर्वी ताडपत्री घरात असू द्या, गंजी उंचवट्यावर लावा आणि भोवती चर काढा.

विजेच्या बाबतीत मात्र जरा भीती बाळगलेली बरी. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. निंबाखाली, बाभळीखाली थांबू नका, गुरंही तिथे बांधू नका. पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आसरा नसेल तर मोकळ्या सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. घरातल्या पोरांना सांगा, ते मोबाईलवर घालून देतील.

पुराचं सांगायचं तर ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि शेकडो जनावरं दगावली. पाणी असं अवेळी चढलं की दाव्याला बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. नदी-नाल्याकाठी गोठा असेल त्यांनी पावसाळ्यात गुरं कुठे हलवायची ती उंच जागा आजच ठरवा, आणि दाव्याला एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा. हलवायला वेळच मिळाला नाही तर दावी सोडून द्या. जनावर पोहतं. तापी, गिरणा, पांझरेच्या काठी ज्यांच्या मोटारी आहेत त्यांनी धरणातून पाणी सोडण्याची दवंडी किंवा मोबाईलवरची सूचना येताच वीज बंद करून मोटार वर काढावी. सातबारा, पासबुक, विम्याची पावती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात उंचावर ठेवा.

एवढं करूनही नुकसान झालं तर घाईने शेत साफ करू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, त्यात शेताची ओळख पटेल असा बांध, विहीर किंवा झाड येऊ द्या. मग तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि कृषी खात्याच्या माणसाला लगेच कळवा. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान पंचनाम्यात यावं लागतं, म्हणून पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. विमा उतरवला असेल तर कंपनीला वेगळं कळवावं लागतं. अटी आणि मुदती दरवर्षी बदलतात, त्या पैसे भरतानाच विचारून पावतीमागे लिहून ठेवा.

पंचनामा झाला की मोडलेली झाडं कापा, साचलेलं पाणी चर काढून बाहेर घाला. नुसती कललेली झाडं उभी करून भर द्या. मोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी एकच जोमदार पिल ठेवा, बाकीची काढून टाका. त्या पिलावर पुढची बाग उभी राहते.