दोन तारा आणि एक बटण: सुगम्य खेळ-नियंत्रकांचा प्रश्न आणि वऱ्हाड

व्हिडीओ गेम खेळताना पडद्यावरच्या पात्राने पळावे, उडी मारावी की चेंडू टोलवावा, हे खेळाडू ज्या साधनाने ठरवतो त्याला कंट्रोलर म्हणतात. प्रस्तुत भाषणात त्यासाठी ‘नियंत्रक’ हा शब्द वापरला आहे. बाजारात मिळणारा नेहमीचा नियंत्रक दोन्ही हातांत धरायचा असतो. त्यावर अंगठ्यांनी फिरवायच्या दोन दांड्या, उजव्या अंगठ्याखाली चार बटणे, डावीकडे चार दिशांची फुली आणि मागच्या कडेला तर्जनीने दाबायच्या कळा असतात, आणि वेगवान खेळात यांपैकी तीन-चार क्रिया एकाच क्षणी कराव्या लागतात. खेळणाऱ्याला दोन धड हात असतील, दोन्ही अंगठे एकमेकांपासून स्वतंत्र हलतील आणि ते साधन तो तासभर उचलून धरू शकेल, असे या रचनेने न बोलता गृहीत धरलेले आहे. ज्याला यांतली एखादी गोष्ट साधत नाही तो खेळाचे नियम उत्तम जाणत असला, डाव रचण्याची बुद्धी त्याच्यापाशी असली, तरी त्याला इतरांचा खेळ बघत बसावे लागते.

अशा खेळाडूच्या शरीराप्रमाणे बदलता येणारे साधन म्हणजे सुगम्य नियंत्रक. पुनर्वसन, विशेष शिक्षण आणि अभियांत्रिकी या तिन्ही क्षेत्रांतील मंडळी अकोल्यातील या परिषदेत एकत्र बसली असल्यामुळे हाच विषय अध्यक्षीय भाषणासाठी निवडला आहे, कारण या तिघांपैकी कोणा एकाकडून हे काम होणारे नाही.

असे साधन मिळावे या मागणीला कायद्याचा आधार आहे, आणि तो फारसा कोणी उघडून पाहिलेला नाही. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे प्रकार 1995 च्या कायद्यातील 7 वरून 21 पर्यंत वाढवले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच अधिनियमाचे कलम 29 सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांविषयी असून, मनोरंजनात दिव्यांगांना सहभागी होता यावे यासाठी तंत्रज्ञान आणि सहायक साधने विकसित करण्याची जबाबदारी ते शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकते. स्थानिक प्राधिकरण या शब्दात महानगरपालिका येते, जिल्हा परिषद येते, ग्रामपंचायतही येते. त्यामुळे सुगम्य नियंत्रक ही कोणी दानशूराने हौसेने द्यावयाची भेटवस्तू राहत नाही. तिची तरतूद करणे हे स्थानिक संस्थांच्या कर्तव्यात मोडते.

खेळ आणि पुनर्वसन यांचे नाते जखमी सैनिकांच्या उपचारांत घट्ट झाले, ही दिव्यांगांच्या खेळांच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी 1948 मध्ये मणक्याला इजा झालेल्या माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली आणि तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिकची परंपरा उभी राहिली. महाराष्ट्राला या परंपरेची ओळख मुरलीकांत पेटकर यांच्यामुळे झाली. सांगली जिल्ह्यात जन्मलेले, सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारे पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे 50 मीटर मुक्त शैलीत त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मात्र त्यांना 2018 मध्ये मिळाली. देशाला या खेळाडूची आठवण व्हायला सेहेचाळीस वर्षे लागली, ही बाब नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

योगायोग असा की त्याच 2018 मध्ये सुगम्य नियंत्रकांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे साधन बाजारात आले, आणि त्याचेही मूळ जखमी सैनिकांपाशी पोहोचते. अमेरिकेतील वॉरफायटर एंगेज्ड ही संस्था युद्धात हात गमावलेल्या सैनिकांसाठी नेहमीचे नियंत्रक उघडून, कापून, नव्याने जोडून देत असे. ते काम मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्यांच्या पाहण्यात आले आणि त्यातून पुढे ‘एक्सबॉक्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर’ घडला. त्याआधीचे प्रयत्न विसरण्यासारखे नाहीत. निन्टेन्डो कंपनीने 1989 मध्येच छातीवर बांधायचा एक नियंत्रक काढला होता. त्यात दिशा हनुवटीने दांडी हलवून ठरवायची आणि बटणांचे काम नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून करायचे, अशी योजना होती. सोनी कंपनीचा ‘अ‍ॅक्सेस’ नियंत्रक मात्र नंतर, डिसेंबर 2023 मध्ये आला. तो गोल आणि सपाट असून मांडीवर किंवा टेबलावर ठेवता येतो आणि त्याच्या बटणांच्या टोप्या बदलता येतात.

मायक्रोसॉफ्टच्या साधनाची रचना थोडी खोलात पाहणे अगत्याचे आहे, कारण वऱ्हाडाच्या उपयोगाची किल्ली तिच्यातच आहे. वरून पाहता ती एक आडवी पाटी असून तिच्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणे आहेत. परंतु तिचे खरे सामर्थ्य मागच्या बाजूला आहे, जिथे 3.5 मिलिमीटरची 19 छिद्रे ओळीने बसवलेली आहेत. मोबाइलच्या साध्या इअरफोनची पिन ज्या छिद्रात बसते तेच हे छिद्र होय. नेहमीच्या नियंत्रकावरील प्रत्येक कळेसाठी असे एक स्वतंत्र छिद्र असल्यामुळे उडी मारण्याची कळ कोपराजवळ, पळण्याची कळ पायाखाली आणि वळण्याची कळ गालापाशी अशी कुठेही नेऊन ठेवता येते. या छिद्रात जोडायच्या बाह्य बटणाला स्विच म्हणतात, आणि विजेच्या भाषेत त्या स्विचचे काम एवढेच असते की दाबले असता दोन तारा एकमेकींना टेकाव्यात आणि सोडले असता वेगळ्या व्हाव्यात. दारावरची घंटा वाजते ती याच तत्त्वाने. परदेशातून मागवलेला एक तयार स्विच कित्येक हजार रुपयांना पडतो. पण दोन तारा, एक मायक्रोस्विच, एक पिन आणि लाकडाची किंवा प्लास्टिकची एक डबी यांतून तोच स्विच अकोल्यातील कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात थोडक्या रुपयांत डाग देऊन तयार होऊ शकतो. खेळणे मुलाच्या मापाने घडवणे विदर्भाला नवे नाही. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, चाकांचे लाकडी बैल येथील सुतारांनी मुठीएवढ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत घडवलेले आहेत.

स्विच तयार करणे सोपे असले तरी तो शरीरावर योग्य जागी बसवणे ही वेगळी विद्या आहे आणि तिथेच बहुतेक चांगले प्रयत्न फसतात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणे, या अवस्थेतील मुलाच्या हातात अनेकदा जोर पुष्कळ असतो, पण तो हवा तेव्हा आणि हवा तिथे पडत नाही. त्याच्यासाठी बटण मोठे, जड आणि पक्के रोवलेले लागते, आणि हात थरथरून दोनदा लागला तरी दाब एकदाच मोजला जाईल अशी सोय लागते. स्नायूंचा ऱ्हास होत जाणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या रुग्णाची स्थिती नेमकी उलट असते: त्याचे बोट अचूक हलते, परंतु ते तीळभरच हलते, म्हणून त्याला पिसाच्या स्पर्शाने चालणारा स्विच हवा असतो, आणि आजार पुढे सरकेल तसतशी त्याची जागा बदलावी लागते. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या बोटांना अनेकदा स्पर्श कळत नाही. नियंत्रकाची थरथर तिला जाणवणार नाही, पण बटण दाबल्याचा ‘टक्’ आवाज तिला पुरेल, आणि कडा टोकदार असतील तर नकळत जखम होईल. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्या हातांची ही गोष्ट आहे, म्हणून तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला. हे सर्व बारकावे ओळखणारा माणूस म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ, अर्थात रोजच्या कामांसाठी शरीराला आणि साधनांना तयार करणारा उपचारक. तो जवळ नसेल तर महागडा नियंत्रकही कपाटात धूळ खात पडतो.

येथे वऱ्हाडाच्या परिस्थितीकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. येथील बहुसंख्य मुले खेळतात ती मोबाइलवर, घरात असलेल्या एकाच फोनवर, आणि बोटाने सरकवायचा काचेचा पडदा अनेक दिव्यांग मुलांसाठी नियंत्रकापेक्षाही अवघड असतो. तरीही मार्ग आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ‘स्विच अ‍ॅक्सेस’ नावाची सोय असते. ती चालू केली की पडद्यावरील पर्याय एकामागून एक उजळत जातात आणि हवा तो उजळल्यावर खेळाडूने एकच स्विच दाबायचा असतो. टाकाऊ कीबोर्डच्या एका कळेला दोन तारा जोडून तो कीबोर्ड ओटीजी केबलने, म्हणजे बाहेरचे साधन फोनला जोडणाऱ्या तारेने, फोनला लावला, तर हा स्विच घरीसुद्धा तयार होतो. वेगवान खेळांना ही पद्धत पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण बुद्धिबळासारख्या पाळीपाळीच्या खेळात घड्याळाची घाई नसेल तर एक बटणही पुरते, आणि ज्या विदर्भातील नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तिथे एका बटणावर बुद्धिबळ खेळणारे मूल असणे अशक्य मानण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर 2017 पासून असलेली ‘कोपायलट’ ही सोय यापुढे जाते: तीत दोन नियंत्रक मिळून एकाच खेळाडूचे काम करतात, त्यामुळे दिशा बहिणीने सांभाळावी आणि फटका भावाने मारावा, असा एकत्र डाव खेळता येतो.

या विषयावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ज्यांच्या उपचाराची आणि रोजगाराची सोय झालेली नाही त्यांच्या खेळाचा विचार चैनीचा आहे, आणि मोबाइलच्या नादाने मुले आधीच बिघडत आहेत. दुसऱ्या भागात तथ्य आहे आणि खेळाच्या वेळेला घरातून मर्यादा हवी. परंतु ती मर्यादा सर्व मुलांना सारखी असावी, एकाला साधनाअभावी आपोआप पडलेली नसावी. पहिला भाग मात्र प्रस्तुत वक्त्याला सर्वस्वी अमान्य आहे. जो स्विच खेळात उडी मारतो तोच पंखा सुरू करतो, संगणकावर अक्षर उमटवतो आणि बोलता न येणाऱ्या मुलाचा आवाज होतो. अशा मुलांसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांवरून बोलणारे अ‍ॅप मराठीतही उपलब्ध आहे. स्विच नेमका दाबण्याचा सराव मूल कंटाळवाण्या व्यायामातून करील की आवडत्या खेळातून, याचे उत्तर या सभागृहातील प्रत्येक उपचारकाला ठाऊक आहे. आणि समजा यातला कोणताही उपयोग झाला नाही, तरी खेळणे ही बालपणाची स्वतःची गरज आहे. तिला उपयुक्ततेचा दाखला मागू नये.

राहिला प्रश्न तरतुदीचा. सहायक साधने देणारी केंद्र शासनाची एडिप योजना 1981 पासून चालू असून तिच्यामुळे असंख्य घरांत तिचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे पोहोचली. परंतु तिच्या शिबिरांतून जे वाटले जाते त्यात खेळाचे साधन सहसा दिसत नाही. महाराष्ट्रात 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला आहे आणि येथील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो. म्हणजे कायदा आहे, विभाग आहे, निधीची वाटही आहे.

म्हणून या परिषदेपुढे एकच आवाहन आहे. अकोल्याची महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी त्या 5 टक्क्यांतील एक लहान हिस्सा काढून शहरात एक खोली उभी करावी, जिथे एक सुगम्य नियंत्रक, दहा-बारा प्रकारचे स्विच आणि दोन संगणक असतील आणि मुलाला कोणता स्विच जमतो हे पालकांना विकत घेण्याआधी पाहता येईल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आठवड्यातून एक दिवस तिथे उपचारक पाठवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने आणि शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत स्विच बनवण्याचे काम धरावे. आणि बनलेले पहिले स्विच परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे, पद्मश्री शंकरबाबा पापळकर यांनी आपले नाव देऊन वाढवलेल्या अनाथ दिव्यांग मुलांकडे न्यावेत आणि त्यांतले कोणते चालतात, कोणते मोडतात, हे त्या मुलांच्या हातांकडून शिकून घ्यावे.